35 वर्षांची म्हातारी

परवा प्रॉपर्टी टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याचं बिल आलं. पहिला हप्ता भरताना मी डोकं लावत नाही, शिकागोत तो सरळ गेल्या वर्षीच्या कराच्या 55 टक्के असतो. दुसऱ्यात मात्र पैसे कुठे जातात ते छापलेलं असतं. त्यात 'टिफ' या ओळीसमोरचा आकडा बघून माझा चहा गार झाला.

टिफ म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. एखादा भाग पुनर्विकास क्षेत्र म्हणून जाहीर झाला, की तिथल्या मालमत्तांची त्या वेळची करपात्र किंमत गोठवतात. शाळा, पालिका, पार्क यांना पुढची 23 वर्षं त्या गोठलेल्या किमतीवरचाच कर मिळतो. किंमत वाढली, तर वाढीवरचा सगळा कर त्या क्षेत्राच्या वेगळ्या गल्ल्यात. त्यातून रस्ते, गटारं होतात आणि बिल्डरांना मदतही मिळते. 23 वर्षं पुरली नाहीत तर राज्याच्या विधिमंडळाकडून आणखी 12 मिळवता येतात! इलिनॉयचा हा कायदा 1977 चा. शिकागोने पहिलं क्षेत्र केलं 1984 मध्ये, तेही थेट लूप या मधल्या व्यापारी भागात, म्हणजे आपल्या फोर्टातच म्हणा ना.

शेजारचे आजोबा म्हणाले, "त्यात काय, तुझा कर थोडाच वाढतो?" इथेच गोम आहे. शाळा आणि पालिका आपल्याला किती डॉलर हवेत ते ठरवतात आणि ती रक्कम शहरातल्या मालमत्तांवर वाटली जाते. टिफमधली वाढ या वाटणीत धरतच नाहीत. वाटेकरी कमी, म्हणून दर चढा, आणि तो सगळ्यांनाच, क्षेत्राबाहेरच्यांनासुद्धा. वेगळा कर नाही म्हणायचं आणि वाटणीच बदलायची. पंगतीत एकाचं ताट झाकून ठेवावं तसं.

पण मला खरं झोंबलं ते वेगळंच. कोणता भाग यासाठी पात्र, याचे निकष वाचले. 'संवर्धन क्षेत्र' नावाचा एक प्रकार आहे. निम्म्या किंवा जास्त इमारती 35 वर्षांच्या पुढच्या हव्यात, शिवाय भाग खालावत असल्याच्या 13 लक्षणांपैकी तीन दिसायला हवीत. 35! आमची गिरगावातली चाळ 1940 च्या आधीची, 'अ' वर्ग उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींतल्या सगळ्यात जुन्या वर्गातली. तिच्या जिन्याचा कठडासुद्धा या शहरातल्या कित्येक 'जुन्या' इमारतींचा आजोबा लागेल. 35 वर्षांची इमारत आमच्याकडे नवी म्हणूनच ओळखतात, "त्या नव्या बिल्डिंगच्या बाजूला" अशी. आणि इथे मी सूर्यप्रकाश, लिफ्ट आणि हीटर असलेल्या घरात बसून जीर्णोद्धाराचे पैसे भरतेय.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "मग आपलं काय वेगळं आहे गं? आपणही उपकर भरलाच की, दुरुस्ती मंडळासाठी."

"अहो बाबा, आपल्याकडे पुढचा पैसा वरच्या मजल्यांतून येतो. जादा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, आणि विक्रीचे फ्लॅट. इथे तो पुढच्या वर्षांच्या करातून येतो."

"म्हणजे बिल्डर नाहीच?"

"आहे ना. तो सगळीकडे असतो."

एका गोष्टीत मात्र मी आपल्या बाजूने आहे. पुनर्विकास झाला तर आमच्या चाळीतल्या भाडेकरूला मालकीचं घर फुकट मिळतं. इथला भाडेकरू क्षेत्र सुधारलं की वाढलेलं भाडं बघतो आणि खोकी बांधतो. आपल्याकडच्या फुकट घराचं मी इथे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. आपल्याकडची घरं किती वर्षं अडकतात, ते मात्र मी त्यांना सांगत नाही. लागलंच तर म्हणते की आमचा प्रश्न मोठा आहे.

आणि तरी, हा कागद माझ्यासमोर आहे. टिफला किती गेले, डॉलरमध्ये छापलेलं. रागवायला निदान एक आकडा आहे. बाबांच्या ट्रंकेत उपकराच्या पावत्यांचा गठ्ठा आहे, पण त्यातला किती पैसा आमच्या जिन्याला लागला ते कुणी कधी लिहून दिलं नाही.

"तुमच्या त्या 23 वर्षांतली किती झाली?" बाबांनी विचारलं. मी बिल उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात पलीकडून बादलीचा आवाज आला.

"पाणी आलं," म्हणाले, "ठेवतो. रविवारी पुनर्विकासाची मीटिंग आहे, मग सांगतो."