आबांची न ओढलेली सिगार

भुसावळच्या आमच्या गल्लीत सिगार ताजी ओढावी की ठेवून, यावर कुणाचं मत असायचं काही कारण नव्हतं. सातपुड्यातल्या टेंभुर्णीच्या पानाची बिडी इथे कुणी मुरवत नाही. आज आणली, आज फुंकली. पण भाच्याने दुबईहून क्युबाची पेटी आणली आणि आबांनी ती उघडली, हुंगली, तळाचा महिना-वर्षाचा शिक्का चष्मा लावून वाचला आणि परत बंद केली. "कोवळी आहे अजून," म्हणाले.

त्यांचं खोटं नव्हतं. तंबाखूचं पान ढिगात रचून आंबवतात, पण ते आंबणं कारखान्यात पुरतं संपत नाही. ताज्या सिगारमध्ये अमोनियाचा उग्रपणा थोडा उरतोच. तो सावकाश उडून जातो, तुरटपणा उतरतो, घशाला झोंबणारी मिरी मागे सरते आणि लाकडाचा, सुक्या मेव्याचा, कोकोचा वास वर येतो. माईंनी हे सगळं एका वाक्यात निकाली काढलं: "नवी चिंच दात आंबवते, वर्षाची काळी चिंच आमटीत गोड लागते."

अडचण आमच्या हवेची. सिगारला लागतो ६५ ते ७० टक्के दमटपणा आणि २० अंशांच्या आसपासचा गारवा. इथे मे महिन्यात पारा ४५ वर, सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी खडखडीत. अशा हवेत सिगार बोटांत नुसती फिरवली तरी वरचं पान चुरचुरतं, शिरेच्या कडेने तडकतं. त्यातलं तेल एकदा उडालं की नंतर कितीही ओलावा द्या, धूर गरम आणि कडूच. शिवाय भुंगा. त्याची अंडी पानातच असतात. पारा पंचविशीकडे गेला की अळ्या पोखरायला लागतात आणि एक दिवस सिगारला टाचणीएवढं भोक दिसतं, खाली तपकिरी भुगा. म्हणून आबा नवी पेटी आधी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाकतात, माईंच्या मटारशेजारी. यावरून जे बोलणं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. श्रावणात पुन्हा बुरशीची धास्ती.

सिगारच्या पेट्या ज्या 'स्पॅनिश सीडर'च्या करतात, ते झाड कडुनिंबाच्या कुळातलं. हे कळल्यावर आबांनी निंबाच्या फळ्यांची पेटी करून घ्यायचा बेत आखला होता. तो माईंनी हाणून पाडला.

मला मात्र या मुरवण्याचं कौतुक जरा जास्तच होतं असं वाटतं. कडक सिगार वर्षानुवर्षं सुधारते, कबूल. पण हलकी फार दिवस ठेवली तर वासच हरवून बसते, आणि मुळातली भिकार तंबाखू दहा वर्षांनी फार तर सौम्य भिकार होते. आबांना हे पटत नाही. ओढून बघून वाद मिटवावा, तर डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद केली आहे. हुंगायला बंदी नाही, असं ते म्हणतात.