नांदेडला जाता, तर एवढं समजून जा

उमरखेडच्या माणसाला नागपूरपेक्षा नांदेड जवळ. जीप करून तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाराला जाऊन आलेले लोक त्या भागात गावोगावी भेटतात आणि त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : शीख म्हणजे अर्धे हिंदू, अर्धे मुसलमान. हे खरं नाही. कुठं चुकतं ते आपल्याला लवकर कळू शकतं, कारण शिखांच्या गुरू ग्रंथ साहिब या ग्रंथात आपले नामदेव बसलेले आहेत.

गुरू नानकांचा जन्म १४६९ चा, तळवंडीचा. ते गाव आज पाकिस्तानात ननकाना साहिब म्हणून ओळखलं जातं. नामदेव महाराज त्याच्या शंभरावर वर्षं आधी गेलेले. तरी पाचवे गुरू अर्जन देव यांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची ६१ पदं त्यात घेतली. सोबत कबीर, रविदास, शेख फरीद. म्हणजे शिंपी, विणकर, चर्मकार आणि सूफी फकीर, सगळे एकाच रुमाल्याखाली, म्हणजे ग्रंथावर घालतात त्या वस्त्राखाली. पण ही मिसळ नव्हे. निर्गुण एकाच्या भक्तीला धरून आहे तेच घेतलं.

कसोटी कोणती, ते ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्रात आहे. सुरुवात 'इक ओंकार'. पुढं एक शब्द येतो, 'अजूनी' : जो कुठल्याच योनीत येत नाही. आपला विठोबा विटेवर उभा, राम-कृष्ण जन्माला आलेले. इथं देव जन्मच घेत नाही, म्हणून अवतार नाही आणि मूर्तीही नाही. एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग हा इस्लामच. तसंही नाही. कर्म आणि पुनर्जन्म शीख मानतात, इस्लाम मानत नाही. शेवटचा प्रेषित ही कल्पना शिखांत नाही. एकादशी नाही, रोजाही नाही.

विदर्भात जवळची तुलना खरं तर महानुभावांशी करावी. रिद्धपूरचा पंथही एकच परमेश्वर मानतो, बाकी देवदेवतांच्या मागं लागत नाही. फरक दोन, आणि दोन्ही मोठे. महानुभाव पंचकृष्णांना परमेश्वराचे अवतार मानतात. आणि त्यांच्यात संन्यासाला मान आहे. नानकांनी प्रपंच सोडायला सांगितलं नाही. ते स्वतः शेवटची वर्षं करतारपूरला शेती करत होते. नाम जपना, किरत करनी, वंड छकना : नाव घ्या, घाम गाळून कमवा, वाटून खा. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बौद्ध वस्तीतल्या वाचकांसाठी एक गोष्ट : १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेआधी, १९३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी शीख धर्माचाही गंभीरपणे विचार केला होता. जात नाकारणं दोन्हीकडं आहे. पण बुद्धाकडं सृष्टीचा कर्ता नाही, नानकांकडं आहे.

'पोथीला चवऱ्या ढाळतात, मग ती मूर्तीच की,' असंही लोक विचारतात. ग्रंथ देव नव्हे, गुरू आहे. दहावे गुरू गोबिंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेडलाच देह ठेवला; त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथाला दिलं. म्हणून रोज सकाळी तो उघडतात आणि त्यातलं एक पद वाचतात, त्याला हुकमनामा म्हणतात. तो त्या दिवसाचा आदेश. हुजूर साहिबला संध्याकाळी दिव्यांची आरती होते. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वारांत तशी रीत दिसत नाही, तिथं आरतीची पदं फक्त गातात. 'अर्धे हिंदू' हा समज बहुधा इथूनच येत असावा.

गुरुद्वारात वाटतात तो शिरा, म्हणजे कडाह प्रसाद, मात्र नीट पाहावा. कणीक, साखर, तूप समसमान, पाणी साधारण दुप्पट. तुपात कणीक बदामी होईपर्यंत भाजायची, मग साखरेचं उकळतं पाणी हळूहळू ओतत सारखं हलवायचं. पाणी थंड असलं की गाठी होतात. भाजणं कमी पडलं की प्रसाद टाळूला चिकटतो, कच्चट लागतो. तूप कडेला सुटलं की झाला. अरदास म्हणजे प्रार्थना झाल्यावर त्याला कृपाण लावतात. मग पाच प्याऱ्यांचा वाटा बाजूला काढतात. १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला शीर द्यायला उभे राहिले ते हे पाच. परंपरेनुसार त्यातले साहिबसिंग बिदरचे, जातीनं न्हावी. त्यानंतर सरपंच असो की सालदार, प्रत्येकाला सारखाच वाटा. तो दोन्ही हातांची ओंजळ करून, बसून घ्यायचा.

आता खर्रा. खालसा म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखाला तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे, ती घेतली तर त्याची दीक्षा भंगते. खिशात पुडी असेल तर ती जीपमध्येही नको, गावातच ठेवून निघा. डोक्याला शेला किंवा दुपट्टा बांधा. हातरुमाल वाकताना सुटून पडतो. लंगरात पोळीही दोन्ही हातांनी घ्या आणि खाल तेवढीच घ्या. वाढणारा पुन्हा येतोच.