सिंहाला पंख लावताना

आमच्याकडे रविवारी दुपारी भूमिकांचा खेळ चालतो. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार जग उभं करतो, पात्रं त्यात काय करणार ते बोलून दाखवतात, आणि केलेलं जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार बहुतेक वेळा मीच, कारण घर दादरला आहे आणि वेस्टर्न काय, सेंट्रल काय, दोन्हीकडच्यांना सोयीचं. यंदा मंडळींनी फर्मान काढलं: टोकदार कानांचे वनवासी आणि दाढीवाले बुटके पुरे झाले, आता पंख असलेल्या अर्ध्या सिंहांची जमात पाहिजे. मानी, ताठ, कुणापुढे न वाकणारी. शिवाय कुठल्या परक्या वाळवंटातली नको, आपल्या घाटातली पाहिजे.

अशी जमात कागदावर उतरवायला दहा ओळी पुरतात. डोकं सिंहाचं, हात माणसाचे, पाठीवर पंख, स्वभाव मानी. पण 'स्वभाव मानी' एवढं लिहून खेळणाऱ्याच्या हातात काहीच येत नाही. तो बिचारा छाती पुढे काढतो, आवाज जाड करतो, आणि तासाभरात त्याचा सिंह नाटकातल्या सेनापतीसारखा बोलायला लागतो. मान कुठून येतो हे आधी शोधायला हवं होतं.

रूप ठरवणं त्या मानाने सोपं गेलं, कारण मुंबईत दगडी जनावरांची कमी नाही. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. लोकल पकडायच्या घाईत दोघांकडेही कोणी मान वर करून बघत नाही. फोर्टात माणेकजी सेठ अग्यारी आहे, १७३३ सालची. तिच्या दाराशी पंख असलेले, दाढीवाल्या माणसाच्या चेहऱ्याचे बैल उभे आहेत, प्राचीन इराण आणि असीरियाच्या धाटणीचे. पारशी नसल्यामुळे आत जाता येत नाही, पण हे दोघे रस्त्यावरून दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, दरारा दाखवायची धडपड नाही. ते तुमच्याकडे बघतच नाहीत. माझ्या सिंहांची नजर मी तिथूनच उचलली.

आणि आपला शरभ तर होताच. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो कोरलेला दिसतो, सिंहासारखा, कधी पंखांसकट, पंजाखाली हत्ती दाबून. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरच्या श्वापदाने चारही पंजांत हत्ती धरलेत आणि वर शेपटीतही एक गुंडाळलाय. आईने माझी चित्रं बघून विचारलं, "नरसिंहाला पंख लावतेयस का गं?" मग तिनेच शरभाची गोष्ट सांगितली. नरसिंहाचा कोप शांत करायला शंकराने शरभाचं रूप घेतलं, असं शैव पुराणं सांगतात; वैष्णवांना ते मान्य नाही. खेळात देव आणायचे नाहीत हा आमचा जुना नियम. त्यामुळे शरभाची ठेवण घेतली, गोष्ट जिथे होती तिथे ठेवली. जमातीचं नाव केसरगण.

खरी कसरत पंखांपाशी सुरू झाली. गीरचा वयात आलेला नर १६० ते १९० किलोचा भरतो. आज उडू शकणाऱ्या सगळ्यात जड पक्ष्यांची मजल विसेक किलोच्या आसपास संपते. अँडीजमधल्या काँडोरचे पंख उघडल्यावर तीन मीटरच्या वर जातात, पण वजन फार तर १५ किलो. याचं कारण साधं आहे. प्राणी लांबीला दुप्पट केला की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. पंख मागेच पडत जातात.

मग मी नामशेष झालेल्यांकडे वळले. अर्जेंटिनात सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अर्जेंटाव्हिस नावाचा पक्षी होता. वजन अंदाजे ७० किलो, पंखांचा पसारा सहा-सात मीटर. सत्तर किलो म्हणजे अंगापिंडाने बरा माणूस. केसरगणांची हाडं पोकळ करायची आणि त्यांना ७० किलोत बसवायचं ठरवलं. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. आमच्या हॉलची रुंदी दहा फूट. म्हणून गच्चीवर जाऊन खडूने पंख आखले, तर डावा पंख टाकीपर्यंत पोचला आणि उजव्याखाली शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले पापड आले. असा प्राणी गल्लीत, बाजारात, घरात वावरणार कसा, हे गच्चीवर उभं राहिल्यावरच कळतं. केसरगणांच्या घरांना दारं नाहीत, सज्जे आहेत, ते तिथेच ठरलं.

पक्ष्यांचे उडायचे स्नायू छातीच्या हाडाला मध्यभागी जो उंच कणा असतो त्याला धरून असतात. म्हणजे छाती खोल आणि पुढे आलेली हवी. ती ऐटीत पुढे काढलेली छाती नाही, तो नुसता सांगाडा. छातीवर चिलखत चढवलं तर पंख हलणार नाहीत, म्हणून केसरगण उघड्या छातीने लढतात आणि लोकांना वाटतं काय हा माज! हात, पाय आणि वर पंख म्हणजे सहा अवयव होतात, आणि पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याला चाराच्या वर नसतात. ते मी सोडून दिलं. कुठेतरी जादू म्हणायचीच असते.

अर्जेंटाव्हिसबद्दल अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट मांडली आहे, आणि माझं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. एवढ्या वजनाचा पक्षी सपाट जमिनीवरून नुसते पंख फडफडवून वर उठू शकला नसावा. त्याला उतार लागायचा, समोरून वारा लागायचा. एकदा हवेत गेला की मग तो तासन् तास तरंगू शकत असणार. बाबांनी आयुष्यभर सह्याद्री तुडवलाय. त्यांनी लगेच गिधाडांचं सांगितलं. लांब चोचीची गिधाडं कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि सकाळी बराच वेळ नुसती बसून असतात. ऊन चढलं, कातळ तापला, गरम हवा वर उठायला लागली की मग एकेक जण स्वतःला कड्यावरून सोडून देतं. दादरच्या घारींचंही तेच. सकाळी लवकर पाण्याच्या टाक्यांवर बसलेल्या, आणि ऊन तापल्यावर पंख न हलवता गोल गोल वर.

म्हणजे केसरगण कडेकपारीतच राहणार. सपाटीवर तो पायी चालणारा, तेवीस फुटांचं ओझं पाठीवर दुमडून घेतलेला प्राणी. आणि पावसाळ्यात? ढग कड्याला टेकलेले, ऊन नाही, पिसं भिजलेली. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, पूर्ण चातुर्मास केसरगण जमिनीवर. याच काळात त्यांची जुनी पिसं झडून नवी येतात. मामेबहीण म्हणाली, "ताई, म्हणजे चार महिने सिंह पायी?" पायी. आणि शत्रूला हे ठाऊक असलं तर तो श्रावणातच चाल करून येणार.

इथे मान सापडला. सपाटीवरून आपल्याला उडता येत नाही, हे केसरगण परक्याला कधीही कळू देत नाही. त्याला उड म्हटलं की तो एवढंच म्हणतो, "गरज नाही." ऐकणाऱ्याला वाटतं हा मनात आणलं तर उडेल, आपल्यासाठी उडत नाहीये. उतारावरून धापा टाकत, पंख आपटत धावणं, अर्धवट उठून पुन्हा पाय टेकणं, हे फक्त आपल्या माणसांसमोर. त्यांचं सगळं ताठपण ही एक अडचण झाकण्यातून आलंय. पावसाळ्यात ते जास्तच तुसडे होतात, कारण तेव्हा झाकण्यासारखं जास्त असतं.

सूत्रधारांना याचा रोकडा फायदा सांगते. उडणारं पात्र खेळाची वाट लावतं. तुम्ही खंदक आखता, तट बांधता, पूर आलेली नदी घालता, आणि एक जण म्हणतो, मी वरून जातो. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून सुरुवातीला उडायलाच बंदी घालतात, आणि का, ते कोणीच सांगत नाही. आमच्या नियमात तीन मजल्यांएवढी उंची किंवा लांब उतार, अंगावर ऊन आणि हातात काही जड नाही, एवढं असेल तरच उड्डाण. कारण शरीरात आहे, म्हणून खेळणारा भांडत नाही. उलट तो उंची शोधायला लागतो. आमचा सिंह शहरात शिरला की आधी बुरूज मोजतो.

समाजरचना सिंहांनी आयती दिली. कळपातल्या सिंहिणी एकमेकींच्या नात्यातल्या असतात आणि बहुधा जन्मभर तिथेच राहतात. नर वयात येताना, दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात. म्हणजे कारभार आजीकडे, आणि तरणे नर वाट फुटेल तिकडे. अनोळखी लोकांच्या टोळीबरोबर एक मानी सिंह का भटकतोय, हे वेगळं रचायला लागलंच नाही. पण मामेबहिणीला सिंहीणच हवी होती. "मग माझी घर सोडून का निघाली ते मीच सांगते," म्हणाली, आणि सांगितलंही. भर श्रावणात, बाजाराच्या दिवशी, घाटावर वाहून चाललेल्या पोराला वाचवायला ती पायऱ्यांवरून धावत सुटली, उडू बघितलं आणि तोंडावर आपटली. पोराला मग कोळ्यांनी काढलं. आजीने तिला घराबाहेर काढलं ते पडली म्हणून नव्हे, गावाने बघितलं म्हणून. माझ्या सगळ्या टिपणांत इतकं बेस काही नव्हतं.

सिंहाच्या राजेपणाबद्दल आपण उगाच फार बोलतो. तो दिवसातले अठरा-वीस तास लोळतो, आणि आफ्रिकेत तरसांनी केलेली शिकार सर्रास हिसकावून खातो. हे मला फार आवडलं. पायथ्याच्या गावातून केसरगण बकऱ्या उचलतात आणि त्याला कर म्हणतात. गावकरी चोरी म्हणतात. दोन्ही बाजूंची पात्रं एका टेबलावर बसली की मला फारसं काही करावं लागत नाही.

बोलण्याचंही ठरवून टाकलं. सगळ्यांना वाटलं केसरगण राजालासुद्धा अरेतुरे करणार. मी उलटं केलं. ते सगळ्यांना अहोजाहो करतात: राजाला, भिकाऱ्याला, लहान पोराला, समोर तलवार उपसलेल्या शत्रूला. 'तू' फक्त ज्याच्याबरोबर कड्यावरून उडी घेतली त्याला. डोंबिवलीहून येणारा मित्र ऐकून घेऊन म्हणाला, "पुण्याचे आहेत का?" त्यानंतर निदान अर्धा तास खेळ पुढे सरकला नाही. पण हा नियम टेबलावर सगळ्यात जास्त चालला. आवाज जाड करावा लागत नाही. नुसतं "आपण बाजूला व्हाल का?" म्हटलं की समोरचा भडकतो.

पहिला पूर्ण डाव मुद्दाम सपाटीवरच्या गढीत ठेवला. दरवाजा बंद, तट दोन पुरुष उंच, आत कैदी. सगळे सिंहाकडे बघायला लागले. डोंबिवलीकर शांतपणे म्हणाला, "गरज नाही," आणि सरळ दरवाज्याकडे चालत जाऊन पहारेकऱ्याला अहो म्हणाला. फासा पडला तीन. टोळीतली बाकीची मंडळी पात्रातून बाहेर येऊन त्याच्यावर ओरडत होती, आणि तो काही केल्या कारण सांगेना. मामेबहिणीच्या सिंहिणीला अर्थातच ते माहीत होतं. तीही गप्प बसली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण सूत्रधाराने तसं करायचं नसतं.

पाठीवर बसवून नेण्याची मागणी झाली, ती फेटाळली. सत्तर किलोवर आणखी साठ किलो चढवले तर कितीही उंच कडा पुरायचा नाही. पिल्लांचं मात्र अजून अडलंय. मामेबहिणीला कपारीत अंडी हवीत. मी म्हटलं, सिंहीण पिल्लांना दूध पाजते, तेव्हा अंडी विसरा. त्यावर डोंबिवलीकराने प्लॅटिपसचं नाव काढलं, जो अंडीही घालतो आणि दूधही पाजतो, आणि मला पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घ्यावी लागली.