तुम्ही विचारलंत म्हणून: या खेळात जिंकते कोण?

आम्ही काही जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (एकेका पात्राची भूमिका घेऊन, बोलत बोलत गोष्ट रचण्याचा खेळ) आणि त्या जातकुळीतले खेळ खेळतो हे कळल्यावर मालवणात जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: त्यात शेवटी जिंकते कोण? प्रश्न रास्त आहे, कारण जिथे फासे आणि नियमांची जाडजूड पुस्तके आहेत तिथे हारजीत असणारच, असे कोणालाही वाटेल. माझे उत्तर ‘कोणीही नाही’ असे असते, आणि ज्याला ते पटले त्याला निम्मा खेळ समजला असे मी मानतो.

या खेळाच्या मुळाशी हारजीत होतीच. अमेरिकेत सैनिकांच्या छोट्या प्रतिमा मांडून लढाया खेळणारी मंडळी होती. त्यांच्यापैकी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडूच्या हाती पलटणीऐवजी एकच पात्र आले: योद्धा, जादूगार, पुरोहित. पात्र एकच असले की ते जगवावेसे वाटते, आणि जगायचे तर शेजारी बसलेल्याशी भांडून चालत नाही. सगळे एका बाजूला झाले आणि उरलेले जग, म्हणजे राक्षस, राजे, खानावळवाले, एका सूत्रधाराकडे, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याकडे गेले.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे सांगताना दशावताराचा दाखला पुरतो. तिथे आख्यान ठरते, भूमिका ठरतात, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आमचेही तसेच, फरक इतकाच की पूर्वरंगात संकासुराचा वध होणार हे प्रेक्षकांतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, तर इथे राक्षस मरेल की आपण, हे सूत्रधारालाही ठाऊक नसते.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. सूत्रधार सांगतो की रात्र आहे, होडी सिंधुदुर्गाच्या तटाखाली आली आहे आणि दरवाजा कुठेच दिसत नाही. (त्या किल्ल्याचा महादरवाजा खरोखरच अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, महाराजांच्या स्थपतींनी आमच्या सूत्रधारांचे बरेच काम आधीच करून ठेवले आहे.) एक खेळाडू म्हणतो, ‘मी तट चढतो.’ सूत्रधार मनाशी अवघडपणाचा आकडा ठरवतो, समजा १५. प्रत्येक पात्राचे बळ, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात. १० म्हणजे सामान्य माणूस आणि त्यापुढे दर दोनामागे फाशाच्या आकड्यात एकाची भर. या योद्ध्याचे बळ १६, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात तो ३ मिळवतो. १५ गाठायला त्याला १२ किंवा अधिक पडायला हवे. वीसपैकी नऊ बाजू त्याच्या कामाच्या, म्हणजे शक्यता ४५ टक्के. हात निसटला तरी खेळ संपत नाही. तो पाण्यात पडतो, वर मशाली हलू लागतात, आणि आता दुसऱ्या खेळाडूला पहारेकऱ्यांपुढे आपण वाट चुकलेले कोळी असल्याची बतावणी करावी लागते, ज्यासाठी बळ नव्हे, छाप लागते. फासा निकाल देतो, पण निकाल कशाचा मागायचा हे खेळाडू ठरवतो. माझ्या मते या खेळाची सगळी गोडी इथेच आहे. म्हणूनच शेवट आधी लिहून आणणारा सूत्रधार मला आवडत नाही. त्याने जागा आणि माणसे तयार करावीत, कोणाला काय हवे आहे ते ठरवावे आणि मग खेळाडूंच्या मागून चालावे.

सामान फारसे लागत नाही. चार-पाच माणसे, कागद, पेन्सिली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे सात फासे पुरतात. ते बाजारपेठेत मिळाले नाहीत तर फोनवरचे अ‍ॅप चालते; तेही नको असेल तर वाडग्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घालाव्यात, फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकावी, नाहीतर शक्यतांचे गणित बिघडते. मूलभूत नियम फुकट मिळतात. त्यांचा गाभा २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या, कोणालाही मजकूर वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला आहे. पुस्तके इंग्रजीत असली तरी खेळ मालवणीत खुशाल चालतो.

पहिल्या बैठकीला पात्रे तयार करण्यात वेळ दवडू नका, आयती घ्या. कोणते विषय कोणाला नकोत, हे खेळ सुरू होण्यापूर्वीच उघडपणे बोलून घ्या. आणि सूत्रधार निवडताना नियम कोणाला जास्त पाठ आहेत ते पाहण्यापेक्षा दुसऱ्याचे बोलणे कोण शेवटपर्यंत ऐकून घेतो ते पाहा.