पाने गाळणाऱ्या फायकसचे निदान

माझ्याकडे असलेले फायकस बेंजामिना हे झाड वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच प्रजातीतले असून घरात वाढवणाऱ्यांना ते पानगळीसाठी चांगलेच परिचित आहे. जागा बदलली, उजेड कमी झाला किंवा थंड हवेचा झोत लागला, की हे झाड भराभर पाने टाकते आणि नव्या उजेडाला साजेशी पाने आणून काही आठवड्यांत सावरते. ही नैसर्गिक पानगळ असेल तर थांबून राहणे हाच उत्तम उपाय असतो. परंतु माझ्या झाडाची जागा, खिडकी, पाणी, काहीच बदललेले नव्हते आणि तरीही रोज सकाळी कुंडीभोवती पाने पडलेली दिसत होती. म्हणून कारण सापडेपर्यंत खत किंवा औषध यांपैकी काहीही द्यायचे नाही, असे मी ठरवले.

सुरुवात पानांपासूनच केली, कारण कोणते पान आधी जाते यावरून बरेच काही कळते. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीकडे वळवते, त्यामुळे खालची पाने एकसारखी पिवळी होतात. लोह मात्र असे हलवता येत नाही, म्हणून त्याच्या कमतरतेत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझ्या झाडाची आधी आतली, जुनी पाने पिवळी होऊन गळली आणि पुढे चक्क हिरवी पानेही हात लागताच सुटू लागली. शेंडे मलूल होऊन खाली झुकले होते. हिरवे पान गळणे आणि शेंडा मान टाकणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसल्यामुळे खताची कमतरता मी यादीतून काढून टाकली.

कीड तपासणे सोपे होते. पानांची मागची बाजू आणि पानांचे बेचके भिंगातून पाहिले. पिठ्या ढेकणांचा कापूस कुठेही नव्हता, फांद्यांवर खवले कीड नव्हती आणि तिच्यामुळे पानांवर येणारा चिकटपणाही नव्हता. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की लाल कोळी असल्यास बारीक ठिपके चालताना दिसतात. तेही आढळले नाहीत.

उरली मुळे. वरची माती बोटाला कोरडी लागत होती, आणि मलूल शेंडे पाहून कोणीही पाणीच घातले असते. मी बांबूची बारीक काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचली आणि काही वेळाने बाहेर काढली; वरचा भाग कोरडा, पण खालच्या अर्ध्या भागाला काळी, ओली माती चिकटलेली आणि तिला आंबूस वास. झाड कुंडीतून अलगद बाहेर काढल्यावर खरा प्रकार समोर आला. रोपवाटिकेत रोप ज्या छोट्या जाळीच्या पिशवीत वाढवले होते ती पिशवी मुळांच्या मधोमध तशीच होती आणि तिच्यातला घट्ट गोळा पाणी धरून बसला होता. बाहेरची मुळे पांढरट आणि टणक होती. गोळ्यातली तपकिरी, लिबलिबीत झाली होती. त्यांतले एक मूळ चिमटीत धरून ओढले तेव्हा वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत दोऱ्याएवढा बारीक तंतू उरला. मूळकुजीची याहून स्पष्ट खूण मला माहीत नाही.

ओल्या मातीतही झाड तहानलेले का दिसते, याचे उत्तर हवेत आहे. मुळांना पाणी ओढण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात ती, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची, स्थिती कुंडीतही तितकीच गरजेची असते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे रोगकारक सहज जम बसवतात. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, हा समजही येथे उपयोगाचा नाही, कारण बारीक मातीतले पाणी खड्यांच्या थरावरच अडते आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो.

जाळी कापून काढली, गोळा पाण्याखाली हळूहळू मोकळा केला आणि स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कुजलेली मुळे निरोगी भागापर्यंत छाटली. मुळे कमी झाल्यामुळे कुंडीही आधीपेक्षा लहान घेतली. मोठ्या कुंडीत मुळांना न पेलणारे पाणी साचून तोच आजार परतण्याची भीती असते. कोकोपीट, पर्लाइट आणि थोडे गांडूळखत असे भुसभुशीत मिश्रण भरले. मुळे छाटली की वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात छाटाव्यात असा सल्ला अनेकदा मिळतो, पण मी हिरव्या फांद्यांना हात लावला नाही, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारी साखर उरलेली पानेच तयार करतात. पाने फार पाणी गमावू नयेत म्हणून झाडावर सैलसर पारदर्शक पिशवी घातली आणि कडक ऊन टाळून भरपूर उजेडाची जागा दिली.

त्यानंतरही काही दिवस पाने गळत राहिली, आणि हा काळ सर्वांत कठीण होता. या काळात मी फांद्यांची साल नखाने किंचित खरवडून पाहत असे. आत हिरवे दिसले आणि पांढरा चीक आला, तर फांदी जिवंत. चीक त्वचेला त्रास देऊ शकतो, म्हणून हातमोजे घालणे बरे. पाणी ठरावीक वारी न देता कुंडी उचलून, हलकी लागली तरच देत गेलो. पुढे खोडालगतच्या फांद्यांवर टोकदार कोंब फुटले, तेव्हा पिशवी एकदम न काढता रोज थोडा अधिक वेळ उघडी ठेवली. एका फांदीत मात्र चीक आलाच नाही. ती खोडापासून कापून टाकली. नवी पाने पूर्ण आकाराची झाल्यावर पहिले खत अर्ध्या मात्रेत दिले, तेही माती आधी ओली करून, कारण कोरड्या मातीतले क्षार कोवळ्या मुळांना भाजतात.