एजबॅस्टनच्या हिरवळीवर बायकांचं टेनिस

एजबॅस्टन म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट आठवतं. २०२५ च्या जुलैत भारताने तिथे पहिल्यांदा कसोटी जिंकली, शुभमन गिलने २६९ आणि १६१ धावा केल्या, तेव्हा साताऱ्याहून सगळ्या भावंडांचे फोन आले. मी बर्मिंगहॅममध्ये राहते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की माझा जून-जुलै त्या स्टेडियममध्येच जातो. खरं तर माझं मन त्या मैदानापासून जेमतेम दहा-बारा मिनिटांच्या चालीवर, सर हॅरीज रोडवर अडकलेलं असतं. तिथे एजबॅस्टन प्रायरी क्लब आहे. १९८२ पासून तिथे व्यावसायिक महिला खेळाडूंची गवतावरची टेनिस स्पर्धा भरत आली. विम्बल्डन सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. पण गवतावरचं टेनिस म्हणजे काय ते मला इथे कळलं, आणि तेही बायकांच्या खेळातून.

आधी या भागाबद्दल थोडं सांगते, कारण इथल्या लोकांनाही ते फारसं ठाऊक नसतं. क्लबपासून फार लांब नाही अशा ॲम्प्टन रोडवर फेअरलाइट नावाचं घर आहे. १८५९ ते १८६५ च्या दरम्यान हॅरी जेम हा वकील आणि ऑगुरिओ परेरा हा मूळचा स्पॅनिश व्यापारी, हे दोघे मित्र त्या घराच्या हिरवळीवर चेंडू आणि रॅकेट घेऊन एक नवा खेळ खेळत. आजचं लॉन टेनिस ज्यातून आलं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक. घराच्या भिंतीवर ही आठवण सांगणारी निळी पाटी आहे. पर्यटक तिथे जात नाहीत, त्यामुळे निवांत उभं राहून वाचता येते.

आणि मॉड वॉटसन. विम्बल्डनमध्ये महिलांची स्पर्धा पहिल्यांदा १८८४ साली झाली, तेव्हा तेरा जणींनी नाव दिलं होतं. अंतिम सामना दोन सख्ख्या बहिणींत झाला आणि एकोणीस वर्षांच्या मॉडने थोरल्या लिलियनला हरवलं. बक्षीस होतं चांदीची फुलांची परडी. वडील चर्चचे पाद्री, आणि घर बर्मिंगहॅम आणि कोव्हेन्ट्रीच्या मधल्या बर्क्सवेल गावात. घोट्यापर्यंत लांब पांढरा झगा घालून ती खेळायची. एजबॅस्टनच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या खेळाडूला जो चषक मिळायचा, त्याला तिचंच नाव होतं. ज्या मातीत हा खेळ रुजला तिथेच तिच्या नावाचा चषक, याचं मला फार अप्रूप आहे.

आता खेळाकडे येते. माझं ऐकाल तर मुख्य सामन्यांआधी पात्रता फेरी पाहा, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठीचे सामने. बाहेरच्या कोर्टाला साधी रेलिंग असते, तुम्ही बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेघेच्या, मागे कोपऱ्यात उभे राहिलात तर खेळाडू तुमच्यापासून चार-पाच हातांवर असते. टीव्हीवर कॅमेरा उंचावर असतो, त्यामुळे चेंडू किती खाली राहतो ते कधी दिसतच नाही. इथे दिसतं. सपाट मारलेला चेंडू टप्पा पडल्यावर वर येण्याऐवजी पुढे सरकतो, आणि स्लाइस केलेला, म्हणजे रॅकेटने खालून कापल्यासारखा मारलेला, तर कधीकधी पोटरीच्याही वर येत नाही. मग खेळाडूला गुडघे इतके वाकवावे लागतात की मागचा गुडघा गवताला घासतो. मी पाहिलेल्या एका मुलीच्या उजव्या गुडघ्यावर पहिल्या सेटअखेर हिरवा डाग होता, दुसऱ्या सेटमध्ये त्यात तपकिरी मिसळला. बुटांच्या तळव्याला बारीक रबरी गोळ्या असतात, नाहीतर पाय ठरणार नाहीत. मातीच्या कोर्टावर घसरत जाऊन मारणाऱ्या खेळाडू इथे आल्या की पहिले दोन दिवस छोटी छोटी पावलं टाकायला शिकताना दिसतात.

गवत म्हणजे मऊ, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. गवत मिलिमीटर मोजून कापतात, विम्बल्डनला ८ मिलिमीटर, आणि त्याखालची माती रोलर फिरवून सारवलेल्या अंगणासारखी टणक केलेली असते. चेंडू जी उसळी घेतो ती त्या मातीमुळे, आणि जो सरकतो तो वरच्या पात्यांमुळे. सोमवारी कोर्ट हिरवंगार असतं. शनिवारपर्यंत बेसलाइनपाशी गवत झिजून माती उघडी पडते आणि तिथे चेंडू वेगळाच वागायला लागतो. म्हणजे एकाच स्पर्धेत पहिली फेरी आणि अंतिम फेरी दोन वेगळ्या कोर्टांवर होतात म्हणा ना! त्यात इथला पाऊस. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरतो, पण पातं ओलं झालं की पाय घसरतो, म्हणून पंच लगेच खेळ थांबवतात. माळीमंडळी धावत येऊन ताडपत्री ओढतात. त्यांचं ते काम किती सराईतपणे चालतं! एकानं ओरडायचं, बाकीच्यांनी एका दमात ओढायचं.

शेजारच्या खुर्चीवर एकदा क्लबच्या जुन्या सभासद असलेल्या आजी भेटल्या. मांडीवर वही, प्रत्येक गुणाची पेन्सिलने नोंद. बिली जीन किंगला त्यांनी इथे खेळताना पाहिलं होतं. १९८३ मध्ये तिने ही स्पर्धा जिंकली तेव्हा ती ३९ वर्षांची होती. महिलांच्या एकेरीचं व्यावसायिक विजेतेपद त्याहून मोठ्या वयात आजवर कुणी जिंकलेलं नाही. त्यानंतर पॅम श्रायव्हर सलग चार वर्षं जिंकली. २००४ मध्ये मारिया शारापोवा इथे जिंकली आणि काही दिवसांतच विम्बल्डनही. २०१९ मध्ये ॲशली बार्टीने आपलीच दुहेरीतली जोडीदार जूलिया गोर्गेस हिला अंतिम फेरीत हरवलं आणि त्या विजयामुळे ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २०२१ मध्ये ट्युनिशियाची ओन्स जाबर जिंकली, एवढ्या वरच्या पातळीवरची स्पर्धा जिंकणारी पहिली अरब महिला. हे सगळं घडलं ते विम्बल्डनच्या मानाने एवढ्याशा क्लबमध्ये, ज्याच्या मुख्य कोर्टाला ॲन जोन्सचं नाव आहे. १९६९ ची विम्बल्डन विजेती ॲन जोन्स याच शहरातली.

२०२५ मध्ये मात्र इथलं चित्र बदललं. मोठी महिला स्पर्धा लंडनच्या क्वीन्स क्लबला गेली आणि एजबॅस्टनला त्याखालच्या दर्जाची स्पर्धा राहिली. मला वाईट वाटलं, हे स्पष्ट सांगते. चाळीसहून अधिक वर्षं या शहराने बायकांच्या टेनिसला हक्काचा आठवडा दिला, आणि पुरुषांच्या कुठल्याही सामन्याची वाट न पाहता लोक केवळ त्यांच्यासाठी तिकीट काढून येत होते.

पण क्वीन्सला महिला परत आल्या, तेही महत्त्वाचं होतं. तिथे त्यांची स्पर्धा याआधी शेवटची झाली होती १९७३ मध्ये. ५२ वर्षं ते गवत पुरुषांसाठीच राखीव होतं. महिला आठवडाभर आधी खेळल्या तर पुरुषांच्या स्पर्धेपर्यंत कोर्ट खराब होईल, अशी काळजीसुद्धा तेव्हा व्यक्त झाली, आणि ते वाचून मला मनापासून राग आला. महिलांचे सामने झाले, पुढच्या आठवड्यात पुरुषांचेही झाले, स्पेनचा कार्लोस अल्काराझ जिंकला. गवत जागच्या जागी होतं.

आणि महिलांमध्ये जिंकली कोण? तात्याना मारिया. वय ३७, दोन मुलींची आई, जागतिक क्रमवारीत ८६ वी, पात्रता फेरीतून आलेली. तिचा खेळ म्हणजे स्लाइसच स्लाइस, बॅकहँडला आणि फोरहँडलाही. फोरहँडला आजकाल कुणी स्लाइस मारत नाही, पण गवतावर त्याला उत्तर देणं महाकठीण. एलेना रिबाकिना, मॅडिसन कीज आणि अंतिम फेरीत अमांडा ॲनिसिमोव्हा, सगळ्यांना त्या खाली राहणाऱ्या चेंडूंनी वाकवलं. मी वर गुडघ्यांबद्दल जे लिहिलं, ते ही अंतिम फेरी पाहिली की लगेच पटेल. बक्षिसाची रक्कम मात्र पुरुषांपेक्षा कमी होती. २०२९ पर्यंत ती समान करू, असं ब्रिटनच्या टेनिस संघटनेने तेव्हा म्हटलं होतं. विम्बल्डनने हे २००७ मध्येच केलं, मग इथे इतका वेळ का लागावा, हे मला पटलेलं नाही.

आपल्या मुलींचा विचार येतोच. पुण्यात तयार झालेली अंकिता रैना २०२१ मध्ये विम्बल्डनच्या महिला दुहेरीत खेळली. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. पण आपल्याकडे गवताची कोर्टं आहेत किती? कोलकात्याचं साउथ क्लब पटकन आठवतं, २०१९ मध्ये डेव्हिस चषकात इटलीविरुद्ध आपण तिथेच खेळलो. महाराष्ट्रात वाढणारी मुलगी हार्ड कोर्टावर किंवा मातीवर शिकते, आणि गवताचा मोसम तर फ्रेंच ओपन संपल्यापासून विम्बल्डनपर्यंत, जेमतेम काही आठवड्यांचा. एवढ्या वेळात पायांना नवी सवय लावायची. म्हणून अशा लहान स्पर्धा टिकायला हव्यात. विम्बल्डनचं दार मोजक्याच जणींना उघडतं, पण एजबॅस्टनसारख्या ठिकाणी क्रमवारीत खाली असलेल्या खेळाडूलाही गवतावर चार सामने मिळू शकतात.

जूनमध्ये इंग्लंडला नातेवाइकांकडे येणार असाल तर लंडनबरोबर एक दिवस इकडेही ठेवा. न्यू स्ट्रीट स्टेशनवरून बस मिळते. पात्रता फेरीच्या दिवशी या, मधल्या कोर्टापेक्षा बाहेरच्या कोर्टांवर रेंगाळा, स्वेटर आणि छत्री दोन्ही घ्या. आणि मुलगी बरोबर असेल तर तिला रेलिंगच्या अगदी पुढे उभी करा.