चिंगीचं वजन

मंगळवार

आमच्या तीन गिनीपिगांपैकी ठमी पहाटे गेली. वय सहाच्या पुढे, मूत्राशयात खडा, आणि या वयात ऑपरेशन तिला झेपणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे अचानक असं काही नाही. तरी पाच वाजता हॉलमधला दिवा लावला आणि जाळीतून ती आडवी दिसली तेव्हा मी तिथेच खाली फरशीवर बसले.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती, "लगेच उचलून नेऊ नका." आजार पसरणारा नसेल तर बाकीच्या दोघींना तिच्याजवळ थोडा वेळ जाऊ द्यायचं. न्युमोनिया वगैरे असता तर ही मुभा नव्हती. म्हणून ठमीला तिच्या दुपट्यावर तशीच राहू दिली आणि चहा घेऊन बघत बसले.

आधी चिंगी आली. ठमीचं तोंड हुंगलं, कान हुंगला, मग स्वतःचं नाक तिच्या हनुवटीखाली घालून वर ढकललं. रोज ठमीच्या तोंडातली काकडी पळवायची असली की ती नेमकं हेच करायची. पुन्हा एकदा ढकललं, मग वळली आणि गवताच्या ढिगाशी जाऊन चावायला लागली. जिलबी बराच वेळ खोक्यातून बाहेरच आली नाही. आली ती सरळ ठमीच्या पाठीवरून चालत पलीकडे गेली आणि पाणी प्यायली. मला नक्की काय बघायचं होतं कोण जाणे. पाणी प्यायली, बस्स.

नवरा पावसात मुरबाडला गेला, दिरांच्या वाडीत तिला पुरून आला. सोसायटीच्या बागेचा विषय काढायचीच सोय नाही, तिथे तुळस लावायलाही कमिटीची परवानगी लागते.

सासूबाईंनी दुपारी बादलीत डेटॉल ओतलं होतं. दुपटी, खोकी, वाट्या, सगळं धुऊन टाकू म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, ओलं झालेलं तेवढं धुऊ, बाकी राहू दे. तिचा वास आहे त्याला." त्यांना पटलं नाही, पण बादली परत नेली. तिचा वास अचानक पुसला गेला तर या दोघींच्या लेखी माणूसही बदललं आणि घरही. हळूहळू उतरू दे.

संध्याकाळी कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला आणि आवाज नाही. रोज फ्रिजच्या दाराच्या कुईं आवाजाला ठमीची शिट्टी ठरलेली, मग तिच्यामागे दोघी. आज दार उघडं ठेवून उभी राहिले. दोघी खोक्यात.

बुधवार

लेकीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. "आई, त्या दुःखी आहेत का गं?" हा प्रश्न आता प्रत्येकजण विचारणार. मी तिला म्हटलं, ते मला ठाऊक नाही, वजन सांगू का?

चेष्टा नव्हती. हे कळपातलं जनावर आहे, अँडीजच्या डोंगरातल्या पूर्वजांपासून दुसऱ्याच्या तोंडी जाणारं. आजारी आहे असं दाखवलं की शिकार झाली. त्यामुळे ते लपवतं, शेवटपर्यंत. चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि आपण चेहरा वाचत बसतो. काट्यावर मात्र लपवता येत नाही. फराळाच्या वेळी बेसन मोजायचा माझा डिजिटल काटा गेली काही वर्षं त्यांचाच आहे. वर बांबूची टोपली, टोपलीत गिनीपिग. एरवी आठवड्यातून एकदा, आता रोज सकाळी, भाजी द्यायच्या आधी, ठरलेल्या वेळी.

चिंगी ९६० ग्रॅम होती. आज ९३५. जिलबी ८७० च्या आसपास, आहे तिथेच. वीस-पंचवीस ग्रॅमचा चढउतार लघवी-पाण्यानेही होतो, त्यावर जीव टांगणीला लावायचा नाही असं स्वतःला सांगितलं. लावलाच.

गुरुवार

चिंगी ९०२.

ऑफिसला फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "घरी कोणी आजारी आहे का?" मी हो म्हटलं. कोण ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

काल रात्रीपासून गवताला तोंड नाही. ढोबळी मिरचीची फोड नाकाशी नेली तर हुंगून मान फिरवली. लेंड्या रोजच्यापेक्षा कमी आणि बारीक, टोकदार. इथे थांबायचं नसतं. मांजर एक दिवस जेवली नाही तर चालून जातं, यांचं तसं नाही. यांचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, पोट रिकामं राहिलं की आत गॅस धरतो, आणि या प्राण्यांना उलटी करताच येत नाही, म्हणजे सुटकेचा तो रस्ताही बंद. बारा-चोवीस तास उपाशी राहिलं की जिवावर बेतू शकतं. दुःखाने मेला असं लोक म्हणतात, तेव्हा बरेचदा तो उपासाने मेलेला असतो.

मुलुंडला जे डॉक्टर आहेत त्यांना सशा-गिनीपिगांचं कळतं. ठाण्यात घराजवळ दवाखाने आहेत, पण मागे एका ठिकाणी ठमीला शिंका येत होत्या म्हणून तोंडावाटे अमॉक्सिसिलिन लिहून देत होते. कुत्र्याला चालणारं हे औषध गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकतं आणि जनावर त्यात दगावतं. तेव्हापासून रिक्षाचे पैसे गेले तरी मुलुंडच.

डॉक्टरांनी आधी दात पाहिले, मग पोट दाबून पाहिलं. कारण "जोडीदार गेला म्हणून खात नाही" असं घरचे ठरवून येतात आणि निघतं दाढेचं टोक जिभेला लागलेलं. यांचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावून झिजले नाहीत तर तोंडातच रुततात. चिंगीचे दात ठीक होते. पोटाच्या हालचालीचं औषध, भरवायची पावडर आणि सूचना: पन्नास ग्रॅमच्या पुढे घसरली होती म्हणूनच आलात ते बरं केलंत, आता पुन्हा घसरली तर फोन करू नका, उचलून घेऊन या.

भरवणं म्हणजे काम आहे. कोमट पाण्यात पावडर सरबरीत कालवायची, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरायची. जनावर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर. समोरून नाही, ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे जी फट असते तिथे टोक न्यायचं आणि थेंबभर सोडायचं. मग थांबायचं. ती चावते, गिळते, मग पुढचा. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. पहिल्या सिरिंजमधलं अर्धं माझ्या गाऊनवर. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हात सैल कर, बाळाला गुटी देताना काय केलं होतंस?" हात सैल केला. गेलं पोटात.

आणि भरवताना जिलबी समोर हवी. हेही डॉक्टरांचंच. चिंगीवर वेगळ्या खोलीत उपचार करायचे नाहीत, आधीच एक गायब झाली आहे.

शनिवार

९०८. सहा ग्रॅम! लेकीला मेसेज केला, तिने नाचणारी बाई पाठवली.

आज नवीनच प्रकरण. दुपारी वाड्यात (नवरा त्या जाळीच्या कुंपणाला वाडा म्हणतो) घुर्र-घुर्र ऐकू यायला लागलं. जिलबी, आमची भित्री जिलबी, कंबर डोलवत चिंगीभोवती फेऱ्या घालतेय. चिंगीने दात कटकटवले. जिलबीने तिला खोक्यातून हुसकलं. मला आधी चिंगीचीच कणव आली. आत्ताशी कुठे घास उतरतोय आणि ही दादागिरी!

पण बघत बसल्यावर उलगडलं. वाड्यात ठमीचं राज्य होतं. कोणी आधी खायचं, कोणत्या खोक्यात कोण, हे ती ठरवायची. आता ती जागा रिकामी आहे आणि दोघींना नव्याने ठरवायचंय. मागे राहिलेल्यांना फक्त एक मैत्रीण कमी झालेली नसते, सगळी घडीच मोडलेली असते. घुरघुर, पाठलाग, अंगावर चढणं, एवढं चालतं. रक्त निघालं तर मध्ये पडायचं, तेही हाताने नाही, नाहीतर चावा आपल्याला. सुपली आडवी घालायची.

आपण करायचं ते एवढंच की भांडणाला कारण उरू द्यायचं नाही. पाण्याच्या बाटल्या दोन, गवताचे ढीग दोन, आणि प्रत्येक खोक्याला दारंही दोन, म्हणजे एकीने तोंड अडवलं तर दुसरीला मागून सटकता येईल. संध्याकाळभर कात्री घेऊन पुठ्ठे कापले.

त्यातच शेजारच्या काकू आल्या. हातात वाटी, वाटीत डाळिंबी उसळ, चांगल्या आहेत त्या. पण बसल्या आणि सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "तुम्हालाच कळणार हो यांचं, आप्पा गेल्यावर तुमचंही असंच झालं होतं." सासूबाईंनी चष्मा काढला. "माझं काही असं झालं नव्हतं. मला चार माणसांनी चार गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. यांना कोण विचारणार?" काकूंनी वाटी तिथेच ठेवली आणि निघाल्या. उसळ उत्तम होती.

रविवार

दीप अमावास्या. सासूबाईंनी समया काढून चिंचेने घासल्या. बाहेर गटारीचा दंगा, खालच्या मजल्यावर स्पीकर. वाड्यावर चादर टाकली, दोघी एकाच खोक्यात जाऊन बसल्या. कालचं भांडण स्पीकरने मिटवलं म्हणायचं. ९१५.

सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. सकाळी जांभळी नाक्याला गेले तर कोपिनेश्वराची रांग पार बाहेरपर्यंत. मला देवळात जायचं नव्हतं, मला गवत हवं होतं.

पावसाळ्यात इकडे सुक्या गवताचे हाल होतात. प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवलं की आठवड्यात बुरशी, आणि बुरशीचं गवत घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. आम्ही गोणपाटात भरून कपाटावर ठेवतो, तरी वास घेऊन बघितल्याशिवाय देत नाही. चिंगीला ते नकोसंच झालंय. ताजं काहीतरी हवं होतं आणि श्रावणात त्याला तोटा नाही. दूर्वा, आघाडा, बेल घेऊन बायका बसलेल्याच असतात. परदेशी कंपन्या पाकिटात घालून जे बर्म्युडा गवत विकतात ती आपली हरळीच, दूर्वाच. गायीला घालायला हिरवा लसूणघासही होता, पण त्यात कॅल्शियम फार. कोवळ्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना तेच पुढे मूत्राशयात खडा होऊन बसतं. ठमी डोळ्यांसमोर आली, पुढे निघाले.

दूर्वावालीने विचारलं, "गणपतीला का, ताई?" मी म्हटलं, दोघींना. तिला काय कळलं देव जाणे, एक जुडी वर टाकली.

घरी दूर्वा तीन पाण्यांतून काढल्या, पंख्याखाली पसरून सुकवल्या. पिशवी सळसळली आणि चिंगीची शिट्टी! बारीक, चिरकी, ठमीच्या पट्टीतली नाहीच. पण पहिली तीच. मागोमाग जिलबी. मी जुडी हातात धरून वेड्यासारखी हसत होते, सासूबाई आतून ओरडल्या, "काय झालं?" काय सांगायचं!

एक काडी तिने टोकाकडून ओढायला सुरुवात केली. जबडा आडवा फिरतोय, काडी इंच-इंच आत जातेय, मिशा हलतायत, आणि डोळे कुठेतरी सोफ्याकडे. संपली तशी दुसरी.

शुक्रवार

९४८. सिरिंज बंद. क जीवनसत्त्व मात्र काटेकोर. माणसासारखंच यांचं शरीरही ते बनवत नाही, किलोमागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम पोटात जायलाच हवं, आजारपणात वरच्या टोकाकडे. ढोबळी मिरची म्हणून रोज ठरलेली.

आता सगळ्यांना नवीन गिनीपिग हवाय. नवरा म्हणतो, तिसरी आणू. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, दुकानातून पटकन पिल्लू आण, विसरतील. आरसा लावा, मऊ खेळणं ठेवा असंही कोणी सुचवलं. खेळणं काय परत शिट्टी मारतंय?

एकटं ठेवायचं नाही हे मला मान्यच आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तसा नियमच आहे. पण या दोघी एकट्या नाहीत. लेकीने म्यून्स्टर विद्यापीठातल्या नॉर्बर्ट झाक्सर यांच्या कामाबद्दल पाठवलं होतं. अनोळखी जागी सोडलेल्या गिनीपिगच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक जवळचा जोडीदार सोबत असला की कमी वाढतं, नुसता कोणी परका गिनीपिग शेजारी असून तो परिणाम होत नाही. म्हणजे "कोणीही आण" हे औषध नाही. ओळख व्हायला वेळ लागतो, आणि चिंगीचं पोट अजून नुकतंच रुळावर आलंय.

तरी दोघींचीही चार-साडेचार वर्षं झाली. उद्या एकच उरली की पुन्हा सगळी पळापळ, आणि तेव्हा जिलबीसारखं कोणी घुरघुरायलाही नसेल. म्हणून शोधायला सुरुवात आत्ताच. दुकानातून नाही. नेरूळला एक कुटुंब बंगळुरूला चाललंय, त्यांच्याकडे तीन वर्षांची एकटीच मादी आहे. यायचं ठरलं तर आधी दोन-तीन आठवडे लेकीच्या खोलीत वेगळी, मग जाळीच्या आरपार शेजार, मग तिघींनाही परक्या अशा जागी, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत फरशीवर, मध्ये गवताचा डोंगर घालून. सासूबाईंची अट एकच, सुपली त्यांची वापरायची नाही.

आणि ती खरंच मादी आहे ना, हे आधी. बी विंगमध्ये एकांनी दुकानातून "दोन बहिणी" आणल्या होत्या, दोन महिन्यांनी अंगभर केस असलेली, डोळे उघडलेली तीन पिल्लं वाड्यात पळत होती. नेरूळच्या बाईंकडे पोटाच्या बाजूने, जवळून काढलेला फोटो मागितला. त्यांनी चेहऱ्याचा पाठवला, टोपी घातलेला. पुन्हा मागितलाय.